मोनिकेचे स्वप्न

इंदूरच्या तुकोगंज भागात आमच्या मंडळीतील एका घरी भगिनींची प्रार्थनासभा भरत असते. उपासना आमची हिंदीतून होते. परंतु अशा घरगुती सभेत मराठी कुटुंबांतील बायका एकत्र बसल्या की, प्रार्थना आपोआप मायबोलीत येते. काही दिवसांपूर्वी अशीच सभा आटोपली, चहा आला, आणि एका काकूंनी संकोचत एक गोष्ट काढली. त्यांचा एकुलता एक मुलगा नोकरीनिमित्त दूरच्या शहरी असतो. चार वर्षे झाली, त्याने मंदिराची पायरी चढलेली नाही. सुटीत घरी आला तरी प्रार्थनेच्या वेळी उठून बाहेर जातो. त्या आठवड्यात काकूंना पहाटे स्वप्न पडले होते. मुलगा मंदिराच्या दाराशी उभा आहे. आत येत नाही आणि परतही जात नाही, असे त्यांनी पाहिले.

हे स्वप्न त्यांनी दोघीतिघींना सांगितले होते. एकीने सांगितले की, पहाटेचे स्वप्न खरे होते, तेव्हा आता काळजी सोडा. दुसरीने सांगितले की, उंबऱ्याशी अडलेले माणूस दिसणे चांगले नव्हे. घरातील वडीलधाऱ्यांनी बजावले की, ख्रिस्ती माणसाने स्वप्नांचा विचारच करू नये. ह्यांतले खरे कोणते मानावे, असे काकू आम्हांला विचारीत होत्या.

आम्ही त्यांच्याबरोबर प्रार्थना केली, परंतु उत्तर कोणापाशीच नव्हते. घरी परतताना मला सोळाशे वर्षांपूर्वीच्या एका आईची आठवण झाली. तिलाही वाट चुकलेल्या मुलाविषयी स्वप्न पडले होते. तिने त्याचा अर्थ कसा धरून ठेवला, आणि पुढे दुसरी काही स्वप्ने कशी बाजूला सारली, हे तिच्या मुलानेच लिहून ठेवले आहे. ती आई म्हणजे मोनिका, आणि तो मुलगा म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा थोर शिक्षक ऑगस्टीन. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना ऑगस्टीनचे नाव ठाऊक असते. त्याच्या आईचे चरित्र मात्र आपण क्वचितच सांगतो.

शास्त्रातील स्वप्ने

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. पवित्र शास्त्र स्वप्नांना हसत नाही. याकोबाला बेथेल येथे शिडी दिसली. योसेफाने तुरुंगात फारोच्या सेवकांना सांगितले की, स्वप्नांचा उलगडा करणे देवाचे काम आहे. मरीयेचा पती योसेफ ह्याला स्वप्नात सूचना मिळाल्या आणि बाळ येशूचे प्राण वाचले. योएल संदेष्ट्याने सांगितलेले वचन पेत्राने पेन्टेकॉस्टच्या दिवशी उच्चारले, त्यातही वृद्धांना पडणाऱ्या स्वप्नांचा उल्लेख आहे.

पण तेच शास्त्र सावधही करते. अनुवादाच्या तेराव्या अध्यायात सांगितले आहे की, स्वप्न पाहणाऱ्याचे चिन्ह खरे ठरले तरी तो लोकांना परमेश्वरापासून दूर नेत असेल तर त्याचे ऐकू नये. यिर्मयाच्या तेविसाव्या अध्यायात मनुष्याचे स्वप्न आणि देवाचे वचन ह्यांत भूस आणि गहू ह्यांच्याइतका फरक दाखवला आहे. उपदेशक म्हणतो की, फार व्याप केला की स्वप्ने पडतात. म्हणजे देव स्वप्नातून बोलू शकतो, आणि आपले थकलेले मनही स्वप्नातून बडबडू शकते. दोन्ही खरे आहे. कोणते कोणाचे हे कसे ओळखावे, हा प्रश्न उरतो. मोनिकेचे सारे आयुष्य ह्या प्रश्नाच्या जवळून गेले.

बालपण आणि संसार

मोनिकेचा जन्म इ. स. ३३१ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेत तागास्ते ह्या गावी झाला. आज तो भाग अल्जीरिया देशात आहे. तिचे आईबाप ख्रिस्ती होते, परंतु तिला खरे वळण लावले ते घरातील एका म्हाताऱ्या दासीने. ही दासी फार कडक होती. जेवणाच्या वेळेखेरीज मुलींना पाणीदेखील पिऊ देत नसे. कारण आज पाण्याची हाव आवरली नाही तर उद्या घरच्या कोठीच्या किल्ल्या हाती आल्यावर द्राक्षारसाची हाव कशी आवरणार, असा तिचा विचार होता.

तरीही मोनिका चुकलीच. पिंपातून द्राक्षारस काढून आणण्याचे काम तिच्याकडे असे. आधी तिने गंमत म्हणून ओठ ओले केले, मग घोट घेतला, आणि होता होता पेला भरून पिण्याची सवय लागली. एके दिवशी तिच्याबरोबर असणाऱ्या लहान दासीशी तिचे भांडण झाले आणि त्या मुलीने तिला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द मोनिकेच्या जिव्हारी लागला. तिने त्याच दिवशी ती सवय सोडली. त्या दासीला मोनिकेचे भले करायचे नव्हते, ती रागाच्या भरात बोलली. परंतु देवाने तिच्या रागाचाही उपयोग करून घेतला, असे ऑगस्टीनने पुढे लिहिले.

वयात आल्यावर तिचे लग्न पॅट्रिशियस नावाच्या गृहस्थाशी झाले. तो ख्रिस्ती नव्हता. मनाने उदार, पण अतिशय तापट, आणि पत्नीशी एकनिष्ठही नव्हता. सासूबाईंचे मनही दासींनी चुगल्या करून आधीच बिघडवले होते. मोनिकेने ह्या घरात उलट उत्तरे देऊन जय मिळवला नाही. नवऱ्याचा राग भडकलेला असताना ती गप्प राही. तो शांत झाला, योग्य वेळ आली, की आपले म्हणणे सांगे. सेवेने आणि सोशिकपणाने तिने सासूचे मन जिंकले. दोन भांडलेल्या बायका तिच्यापाशी येऊन एकमेकींविषयी कडू बोलत. ती त्यांतले तेवढेच पलीकडे सांगे, ज्याने समेट होईल. आयुष्याच्या अखेरीस पॅट्रिशियसनेही ख्रिस्ताचा स्वीकार केला. इ. स. ३७१-७२ च्या सुमारास तो वारला.

हाताबाहेर गेलेला मुलगा

मोनिकेला दोन मुलगे आणि एक मुलगी होती. त्यांतील ऑगस्टीन १३ नोव्हेंबर ३५४ रोजी जन्मला. मुलगा विलक्षण बुद्धिमान. बापाची परिस्थिती बेताची होती, तरी त्याने ओढाताण करून मुलाला शिकवले. पैशांअभावी एक वर्ष शिक्षण खंडित झाले, आणि त्या रिकाम्या वर्षात मुलगा वाईट संगतीला लागला. पुढे एका श्रीमंत हितचिंतकाच्या साहाय्याने तो कार्थेज ह्या मोठ्या शहरी शिकायला गेला. तेथे त्याने लग्नावाचून एका स्त्रीबरोबर संसार थाटला आणि त्यांना एक मुलगा झाला.

आईला ह्याहून मोठा धक्का बसला तो पुढेच. एकोणिसाव्या वर्षाच्या सुमारास ऑगस्टीन मानी नावाच्या इराणकडील गुरूच्या पंथात शिरला. हा पंथ ख्रिस्ताचे नाव घेई, परंतु प्रकाश आणि अंधार अशी दोन अनादि राज्ये मानी आणि जुन्या कराराला तुच्छ लेखी. शिकून तो तागास्तेला शिक्षक म्हणून परत आला तेव्हा आईच्या विश्वासाची थट्टा करू लागला. मोनिकेने तेव्हा आपले दार त्याला बंद केले. ज्या मुलासाठी तिने जिवाचे रान केले होते, त्याला घरात राहू देण्यास आणि एका मेजावर जेवू देण्यास तिने नकार दिला. एखाद्या आईने मेलेल्या मुलासाठी रडावे, त्याहून अधिक ती जिवंत मुलासाठी रडत असे.

लाकडाची पट्टी

अशा दिवसांत तिला ते स्वप्न पडले. आपण एका लाकडी पट्टीवर उभ्या आहोत, असे तिने पाहिले. सुतार रेघ सरळ आहे की नाही हे पाहण्यासाठी वापरतात तशी ती पट्टी होती. ती दुःखाने खचून गेली होती. इतक्यात एक तेजस्वी तरुण हसतमुखाने तिच्याकडे आला आणि तिच्या रडण्याचे कारण त्याने विचारले. आपला मुलगा नाशाला चालला आहे म्हणून आपण रडत आहोत, असे तिने सांगितले. त्याने तिला धीर दिला आणि नीट पाहायला सांगितले. कारण जेथे ती होती तेथेच तोही होता. तिने वळून पाहिले, तर ऑगस्टीन तिच्या शेजारी, त्याच पट्टीवर उभा होता.

ऑगस्टीनच्या लॅटिन भाषेत सुताराच्या पट्टीला आणि नियमाला एकच शब्द आहे. मंडळी आपल्या श्रद्धेच्या सारांशाला विश्वासाचा नियम म्हणत असे. म्हणून पुढे ऑगस्टीनला त्या पट्टीचा अर्थ उमगला: आई ज्या विश्वासावर उभी होती, त्याच विश्वासावर मुलगा उभा राहणार होता.

परंतु त्या वेळी त्याला हे मान्य नव्हते. आईने स्वप्न सांगितले तेव्हा त्याने चलाखीने त्याचा अर्थ उलटा फिरवला. त्याचे म्हणणे असे की, एक दिवस आईच त्याच्या पंथात येईल, असा ह्याचा अर्थ होतो. तेव्हा तिने निराश होऊ नये. मोनिका क्षणभरही अडखळली नाही. तिने लगेच उत्तर दिले की, तो जेथे आहे तेथे ती असेल असे तिला सांगितले गेले नव्हते. ती जेथे आहे तेथे तो असेल, असेच सांगितले गेले होते.

ऑगस्टीन वक्तृत्वाचा शिक्षक होता. शब्दांचे अर्थ फिरवणे हा त्याचा धंदा होता. मोनिका त्याच्यासारखी शाळांत शिकलेली नव्हती. तरी तिच्यापुढे त्याचे काही चालले नाही. पुढे त्याने कबूल केले की, त्या स्वप्नापेक्षा आईच्या त्या तत्पर उत्तरानेच तो अधिक हलला.

येथे थोडे थांबू. मोनिकेने अर्थ शोधण्यासाठी ज्योतिष्याचे घर गाठले नाही. अर्थ स्वप्नातच होता, आणि तो तिच्या प्रार्थनेशी व देवाच्या स्वभावाशी जुळत होता. पापी मनुष्य वळावा, हीच देवाची इच्छा असल्याचे तिला शास्त्रातून ठाऊक होते. म्हणून कोणी गोड बोलून अर्थ बदलू लागला तरी ती बदलली नाही. शिवाय त्या स्वप्नाने तिच्या हातून काय घडवले तेही पाहा. तिने मुलाला पुन्हा घरात घेतले. तो अजून त्याच पंथात होता, त्याची मते तशीच होती. पण आशा मिळाल्यावर तिने त्याला आपल्या मेजावर जागा दिली.

नऊ वर्षे आणि एक फसवणूक

स्वप्न पडले आणि दुसऱ्या दिवशी मुलगा सुधारला, असे झाले नाही. ऑगस्टीन लिहितो की, त्यानंतरही जवळजवळ नऊ वर्षे तो त्याच चिखलात रुतून राहिला, आणि आईने एक दिवसही प्रार्थना सोडली नाही. स्वप्न मिळाले म्हणून तिने विश्रांती घेतली नाही; उलट आशेमुळे तिच्या प्रार्थनेला बळ आले.

ह्या काळात ती एका बिशपकडे गेली. हे बिशप लहानपणी स्वतः त्याच पंथात वाढलेले होते. मुलाशी वाद करून त्याला वळवावे, अशी तिने विनंती केली. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, तेव्हा त्याला राहू द्यावे आणि त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असा सल्ला त्यांनी दिला. मोनिका रडत पुन्हा पुन्हा विनवू लागली. शेवटी ते थोडे त्रासूनच म्हणाले की, इतक्या अश्रूंचा मुलगा नाश पावणे शक्य नाही. तिने आता जावे. तिने तो शब्द देवाकडून आल्यासारखा हृदयात ठेवला.

इ. स. ३८३ मध्ये ऑगस्टीनने रोमला जाण्याचे ठरवले. तिकडे गेल्यास मुलगा आणखी दूर जाईल, ह्या भीतीने मोनिका बंदरापर्यंत त्याच्या मागे गेली आणि त्याला बिलगून राहिली. त्याने खोटे सांगितले की, तो केवळ एका मित्राला निरोप द्यायला आला आहे. रात्री तिला जवळच्या प्रार्थनास्थानात थांबायला लावून तो गुपचूप जहाजात बसला. सकाळी वारा सुटला होता, शीड भरले होते, आणि किनाऱ्यावर आई वेड्यासारखी रडत होती. त्या रात्री तिने देवाजवळ एकच मागितले होते: मुलगा जाऊ नये. देवाने ते दिले नाही. परंतु ज्या प्रवासाला ती अडवू पाहत होती, त्याच प्रवासाने ऑगस्टीन ख्रिस्तापाशी पोहोचला. त्या रात्रीची मागणी नाकारून देवाने तिची नेहमीची मागणी पुरी केली, असे तो पुढे लिहितो. प्रार्थनेला उत्तर मिळत नाही असे वाटणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावे.

मिलान येथे

मोनिका घरी बसून राहिली नाही. मुलगा रोमहून मिलानला गेला, तेथे राजाश्रयाने वक्तृत्वाचा अध्यापक झाला, आणि तीही समुद्र ओलांडून त्याच्याकडे निघाली. वाटेत वादळ झाले. नेहमी खलाशी घाबरलेल्या प्रवाशांना धीर देतात; येथे ह्या विधवेने खलाशांना धीर दिला. आपण सुखरूप पोहोचणार, असे देवाने तिला दर्शनात सांगितले होते.

मिलानला आल्यावर मुलाने तिला सांगितले की, त्याने मानीचा पंथ सोडला आहे, पण तो अद्याप ख्रिस्ती झालेला नाही. तिने आनंदाने उडी मारली नाही. मरण्यापूर्वी आपण त्याला विश्वासणारा झालेला पाहणार आहोत, एवढेच तिने शांतपणे सांगितले. तिच्या दृष्टीने अजून अर्धीच गोष्ट झाली होती.

तेथील बिशप अँब्रोज ह्यांच्यावर तिची फार श्रद्धा होती. आफ्रिकेतील रिवाजाप्रमाणे ती हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी लापशी, भाकरी व द्राक्षारस घेऊन जाऊ लागली. द्वारपालाने तिला अडवले आणि बिशपांनी ही चाल बंद केल्याचे सांगितले. कारण तिच्यात मूर्तिपूजकांच्या पितरांच्या विधींचे अनुकरण होते, आणि कित्येकांना पिण्याचे निमित्त मिळत होते. जन्मभराची चाल होती, तरी मोनिकेने वाद घातला नाही. त्या दिवसापासून तिने अन्नाची टोपली टाकून प्रार्थनेने भरलेले अंतःकरण नेले, आणि जे काही देता येई ते गरिबांना दिले. मंडळीचा शब्द ऐकण्याची ही तयारी स्वप्न पाहणाऱ्या माणसाच्या अंगी असणे फार गरजेचे आहे. ज्याला स्वप्ने पडतात आणि जो कोणाचेच ऐकत नाही, त्याच्यापासून मंडळीला धोका असतो.

जी स्वप्ने तिने नाकारली

आता चरित्रातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सांगते. मुलाने लग्न करून स्थिर व्हावे, असे मोनिकेला वाटत होते. तिने पुढाकार घेऊन एक मुलगी ठरवली. मुलगी लग्नाच्या वयाला दोन वर्षे कमी होती. ह्या लग्नासाठी, कित्येक वर्षे ऑगस्टीनबरोबर राहिलेल्या आणि त्याच्या मुलाची आई असलेल्या स्त्रीला आफ्रिकेत परत पाठवण्यात आले. ऑगस्टीनचे काळीज त्याने फाटले, हे त्याने लपवलेले नाही. मोनिकेच्या हातून झालेली ही गोष्ट आपल्याला बोचते आणि बोचावीच. थोर स्त्रीच्या मनातही देवाची इच्छा आणि आपली महत्त्वाकांक्षा एकमेकींत मिसळू शकतात.

पण येथेच तिचा प्रामाणिकपणा दिसतो. ह्या लग्नाविषयी देवाने स्वप्नात काही दाखवावे म्हणून ऑगस्टीनने तिला प्रार्थना करायला सांगितले. तिलाही तेच हवे होते. ती रोज कळकळीने मागत असे. तिला काही दृश्ये दिसलीही. ती जर म्हणाली असती की, देवाने संमती दिली, तर कोणी संशय घेतला नसता. तिचे पहिले स्वप्न सर्वांना ठाऊक होते. परंतु तिने मुलाला स्वच्छ सांगितले की, ही स्वप्ने पोकळ आहेत, तिच्याच गुंतलेल्या मनाने रचलेली आहेत. देव दाखवतो ते आणि आपला जीव झोपेत पाहतो ते, ह्या दोहोंची चव वेगळी असते. ती शब्दांत सांगता येत नाही, पण आपल्याला ओळखता येते, असे तिचे म्हणणे होते. ते लग्न शेवटी झालेच नाही.

वर्षानुवर्षे देवाच्या सहवासात राहिलेल्या माणसालाच अशी चव कळते. स्वयंपाक करणाऱ्या बाईला वासावरून भाजीत मीठ आहे की नाही हे कळते. ते तिला पुस्तकातून शिकवता येत नाही. मोनिका सकाळ-संध्याकाळ मंदिरात वचन ऐकायला आणि प्रार्थना करायला जात असे. तेथे तिची जीभ तयार झाली. म्हणून आपल्याला हवे तेच स्वप्नात दिसले तेव्हाही तिने स्वतःला फसवले नाही.

पट्टीवर उभा राहिलेला मुलगा

इ. स. ३८६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस मिलानमधील एका बागेत ऑगस्टीन आपल्या पापांसाठी ढसाढसा रडत असताना त्याला शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज ऐकू आला. पुस्तक उचलून वाचावे, असे ते मूल पुन्हा पुन्हा म्हणत होते. त्याने पौलाचे पत्र उघडले. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायाच्या शेवटी त्याची दृष्टी पडली आणि त्याच्या मनातील अंधार नाहीसा झाला. तो तडक घरात आईकडे गेला. ती आनंदाने देवाची स्तुती करू लागली. हा प्रसंग लिहिताना ऑगस्टीनला तीच लाकडी पट्टी आठवली. इतक्या वर्षांपूर्वी देवाने आईला ज्या पट्टीवर तो दाखवला होता, तिच्यावर तो आता खरोखर उभा होता.

इ. स. ३८७ च्या पुनरुत्थानदिनाच्या आदल्या रात्री अँब्रोज ह्यांनी ऑगस्टीनला, त्याच्या मुलाला आणि मित्राला बाप्तिस्मा दिला. मग सर्वजण आफ्रिकेला परतण्यासाठी रोमजवळच्या ओस्तिया बंदरात येऊन थांबले. तेथे एके दिवशी आई आणि मुलगा खिडकीशी टेकून बागेकडे पाहत सार्वकालिक जीवनाविषयी बोलत राहिले. त्यानंतर मोनिकेने सांगितले की, ह्या जगात तिला आता कसली गोडी उरली नाही. ज्यासाठी जगायचे होते ते देवाने भरभरून दिले आहे.

पाचएक दिवसांनी तिला ताप आला. पतीशेजारी पुरले जावे, अशी पूर्वी तिची मोठी इच्छा होती. आता तिने सांगितले की, देह कोठेही ठेवा. फक्त प्रभूच्या मेजाजवळ तिची आठवण करा. एवढ्या दूर परदेशी पुरले जाण्याची भीती वाटत नाही का, असे विचारल्यावर तिने उत्तर दिले की, देवापासून काहीच दूर नाही. आजाराच्या नवव्या दिवशी, छप्पन्नाव्या वर्षी ती प्रभूमध्ये निजली. १९४५ साली ओस्तियात जमीन खोदताना तिच्या थडग्यावरील लेखाचा संगमरवरी तुकडा सापडला.

मृतांची स्वप्ने

ह्या चरित्राला एक पुरवणी जोडली पाहिजे, कारण आपल्या मंडळ्यांत हा प्रश्न वारंवार निघतो. वारलेले आईवडील किंवा पती स्वप्नात आले, त्यांनी अमुक मागितले, तमुक सांगितले, असे पुष्कळ जण सांगतात आणि घाबरून जातात. ऑगस्टीनने उतारवयात मृतांच्या काळजीविषयी एक लहान ग्रंथ लिहिला. त्यात तो सांगतो की, कार्थेजमध्ये त्याचा एक जुना विद्यार्थी शिक्षक होता. दुसऱ्या दिवशी शिकवायचा एक उतारा त्याला समजेना. रात्री ऑगस्टीनने स्वप्नात येऊन त्याला तो समजावून दिला. परंतु ऑगस्टीन त्या वेळी जिवंत होता, समुद्रापलीकडे मिलानला होता, आणि त्याला ह्यातले काहीही ठाऊक नव्हते. जिवंत माणूस नकळत दुसऱ्याच्या स्वप्नात दिसू शकतो, तर मृत माणूस दिसला म्हणजे तो खरोखर आला, असे का मानावे?

त्याचा पुढचा मुद्दा हृदयाला भिडतो. मृतांना आपल्याकडे येता आले असते, तर त्याची आई एक रात्रही त्याला भेटल्यावाचून राहिली नसती. कारण ती त्याच्या मागे जमीन आणि समुद्र ओलांडून आली होती. ती येत नाही, ह्याचा अर्थ तिचे प्रेम आटले असा नव्हे. ती प्रभूपाशी विसाव्यात आहे. म्हणून, प्रिय भगिनींनो, गेलेले माणूस स्वप्नात दिसले तर त्याच्या आठवणीबद्दल देवाचे आभार माना, आणि भीतीला जागा देऊ नका.

आपण काय करावे

पुढच्या सभेत मी काकूंना मोनिकेची गोष्ट सांगितली. त्यांचे स्वप्न देवाकडचे होते की आईच्या मनाचे, हे मी सांगू शकले नाही आणि सांगूही नये. तो निर्णय माझा नाही. पण मोनिकेच्या चरित्रातून आपल्याला चार गोष्टी कळतात. स्वप्न शास्त्राशी ताडून पाहावे. ते देवाच्या प्रेमाविरुद्ध किंवा आज्ञेविरुद्ध जात असेल तर सोडून द्यावे. आपल्याला जे हवे तेच दिसले असेल, तर अधिक सावध राहावे आणि हे माझ्याच मनाचे असेल असे म्हणण्याचे धैर्य ठेवावे. स्वप्न मंडळीतील जाणत्या माणसांपुढे ठेवावे आणि त्यांचे ऐकावे. आणि सर्वांत मुख्य म्हणजे, त्या स्वप्नाने आपण अधिक प्रार्थना करू लागलो की कमी, अधिक प्रेम करू लागलो की कमी, हे पाहावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मोठ्या मुलांच्या वर्गात ही गोष्ट अवश्य सांगावी. लहान मुलीच्या द्राक्षारसाचा प्रसंग मुलांना आवडेल. बंदरावरची फसवणूक तरुणांना विचार करायला लावील.

काकूंनी सारे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या की, स्वप्न देवाचे असो वा नसो, मुलगा दाराशी उभा आहे एवढे तर खरेच आहे. तेव्हा दार उघडे ठेवणे आपल्याकडे लागले. ह्या नाताळात तो घरी येईल तेव्हा त्याला प्रार्थनेवरून टोमणा मारायचा नाही, त्याच्या आवडीचे जेवण करायचे, आणि रोज पहाटे त्याचे नाव घेऊन गुडघे टेकायचे, असे त्यांनी ठरवले आहे. आम्हीही त्यांच्याबरोबर त्याचे नाव घेतो. वाचकहो, आपल्याही मंडळीत असे मुलगे आणि अशा मुली असतील. त्यांची नावे घ्या, आणि नऊ वर्षे लागली तरी थांबू नका.